‘एवढंसं दिल्यानं काय होतंय?’ : जन्मजात चयापचय दोष असलेल्या मुलांचा आहार, वणी परिसरातल्या घरांसाठी सविस्तर माहिती

वणी : पथ्य म्हटलं की आपल्याकडे एक ठरलेलं चित्र असतं. कावीळ झाली, तेल-तूप बंद. टायफॉइड झाला, पेज आणि मऊ भात. महिनाभर पाळलं, अंगात ताकद आली की पथ्य सुटलं. काही मुलांना मात्र जन्मल्यापासून असं पथ्य लागतं जे सुटत नाही, जे अंदाजाने चालत नाही, आणि ज्यात उपाशी राहणं हेच सर्वांत मोठं कुपथ्य ठरतं. जन्मजात चयापचय दोष असलेली ही मुलं. असा एकेक आजार दुर्मीळ आहे, पण त्यांचे प्रकार शेकड्यांनी आहेत, त्यामुळे तालुक्यात असं एखादं घर निघणं अशक्य नाही. मोठ्या शहरात निदान होतं, आईच्या हातात कागद पडतो, आणि पुढचं सगळं घरच्या चुलीपाशी निभावायचं असतं. कागदावर लिहिलेलं असतं ‘प्रथिने मर्यादित’. घरात आजी विचारते, म्हणजे डाळ द्यायची का नाही?

शरीरात नेमकं अडतं काय

आपण खातो ते अन्न शरीरात टप्प्याटप्प्याने मोडलं जातं. प्रत्येक टप्प्याला एक विकर, म्हणजे एन्झाइम, लागतं. द्राक्षाच्या पॅकहाऊसमध्ये माल एका टेबलावरून दुसऱ्यावर जातो तसंच. मधलं एक टेबल बंद पडलं तर पुढे माल जात नाही आणि मागे क्रेटचा ढीग लागतो. या मुलांमध्ये एखादं विकर जन्मतःच नसतं किंवा फार कमी असतं. मागे साचलेला पदार्थ रक्तात वाढतो आणि मेंदू, यकृत, डोळे अशा अवयवांना इजा करतो. पुढे जो पदार्थ तयार व्हायला हवा होता त्याचीही टंचाई होते.

बंद टेबल उघडणारं औषध बहुतेक आजारांत नाही. मग मालच कमी आत सोडायचा. आहाराचा उपचार म्हणजे एवढंच, पण तो अख्ख्या घराला कामाला लावतो.

हा मार्ग सापडण्यामागे दोन आया आहेत. 1934 मध्ये नॉर्वेत एक आई आपल्या दोन मतिमंद मुलांच्या लघवीला विचित्र वास का येतो, हा प्रश्न घेऊन डॉक्टरांकडे खेटे घालत राहिली. अस्ब्योर्न फोलिंग या डॉक्टरांनी ती लघवी तपासली आणि फिनाइलकीटोन्युरिया, म्हणजे पीकेयू, हा आजार ओळखला. या मुलांना प्रथिनांतलं फिनाइलअॅलनीन पचवता येत नाही. पुढे 1950 नंतरच्या काळात इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमला दुसऱ्या एका आईने, माझ्या मुलीसाठी काहीतरी कराच, म्हणून हॉर्स्ट बिकेल या डॉक्टरांचा पिच्छा पुरवला. त्यातून फिनाइलअॅलनीन काढून टाकलेला आहार तयार झाला आणि 1953 मध्ये त्याचा अहवाल छापून आला. त्या मुलीत सुधारणा दिसली, पण मेंदूची आधीच झालेली हानी पूर्ण भरून निघाली नाही. आजही तेच खरं आहे. पथ्य जन्मानंतर पहिल्या काही दिवसांत सुरू झालं तर पीकेयूचं मूल शाळेत इतरांसारखं शिकू शकतं. उशीर झाला तर गेलेलं परत येत नाही.

घरात आधी काय दिसतं

पहिल्या दिवसांत बाळ बहुधा ठणठणीत असतं, कारण पोटात असताना आईचं शरीर त्याचं काम करत असतं. दूध सुरू झालं की दोन-चार दिवसांत, कधी काही आठवड्यांनी, गडबड सुरू होते. दूध ओढत नाही, उलट्या, फार झोप, अंग ढिलं पडणं, धाप, झटके. हीच लक्षणं जंतुसंसर्गातही दिसतात, म्हणून उपचार त्याचाच होतो. जंतुसंसर्गाचे उपचार सुरू असूनही बाळ सावरत नसेल, किंवा आधीचं एखादं भावंड असंच कारण न कळता गेलेलं असेल, तर डॉक्टरांना ते आवर्जून सांगावं. ‘पहिलं बाळ आठव्या दिवशी गेलं, दृष्ट लागली’ हे वाक्य वैद्यकीय माहिती म्हणून फार मोलाचं आहे. घरातली मंडळी ते लाजेने लपवतात.

काही खुणा तर चक्क कौतुकात निघून जातात. पीकेयूमध्ये त्वचेला आणि केसांना रंग देणारा पदार्थ कमी तयार होतो. घरातली सगळी सावळी आणि बाळ मात्र गोरं, केस भुरे. येणारीजाणारी कौतुक करतात. गोरं बाळ म्हणजे आजारी बाळ असं अजिबात नाही. पण गोरेपणासोबत बाळ मान धरायला उशीर करत असेल, नजर देत नसेल, लघवीला कुबट वास येत असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवायला हवं.

वासाचीही एक गंमत आहे. मेपल सिरप युरिन डिसीज, म्हणजे एमएसयूडी, या आजारात बाळाच्या लघवीला, कानातल्या मळाला गोडसर, जळलेल्या साखरेसारखा वास येतो. मेपलचा पाक आपल्याकडे कोणी पाहिलेला नाही, पण हा वास मेथीच्या जवळचा आहे. आणि बाळंतिणीला मेथीचे लाडू तर आपल्याकडे घरोघरी. मेथीतला वासाचा घटक आईकडून बाळात उतरतो आणि निरोगी बाळाच्या लंगोटालाही तसा वास येऊ शकतो. त्यामुळे डॉक्टरांची फसगत झाल्याच्या नोंदी परदेशात आहेत. नुसत्या वासाने घाबरू नये. पण वास आहे आणि बाळ सुस्त आहे, दूध ओढत नाही, तर ‘मेथीचा असेल’ म्हणून थांबूही नये.

गॅलॅक्टोसेमियात दुधातली साखर पचत नाही. कावीळ लांबते, यकृत वाढतं, उलट्या होतात, डोळ्यात मोतीबिंदू येऊ शकतो. नवजात बाळाची साधी कावीळ फार सामान्य असते, म्हणून ‘कोवळं ऊन दाखवा’ यावर भागवलं जातं. दोन आठवड्यांनंतरही टिकलेली कावीळ उन्हावर सोडू नये.

आणखी एक आजार आहे, फळातली साखर न पचण्याचा. त्याला हेरेडिटरी फ्रुक्टोज इन्टॉलरन्स म्हणतात. आईच्या दुधावर असेपर्यंत हे मूल व्यवस्थित असतं. मध चाटवला, गूळपाणी दिलं, उष्टावणाला गोड खीर भरवली की उलट्या, घाम, पोट फुगणं सुरू होतं. यातली जी मुलं निदान न होता मोठी होतात ती स्वतःहून गोड टाळतात. ‘आमचं पोरगं पेढ्याला तोंडच लावत नाही’ असं सांगितलं जातं आणि खोड म्हणून सोडून दिलं जातं. कधीकधी ती खोड नसते, त्याचं शरीर त्याला वाचवत असतं.

एकच द्राक्ष, तीन मुलं

निदान झाल्यावर घराने सर्वांत आधी समजून घ्यायची गोष्ट ही, की ‘चयापचयाच्या आजाराचं पथ्य’ असं एक पथ्य नाही. प्रत्येक आजाराचं वेगळं, आणि पुष्कळदा एकमेकांच्या अगदी उलट.

दिंडोरी तालुक्यात द्राक्षाला तोटा नाही. पीकेयूच्या मुलाला द्राक्षं जवळपास मोकळेपणाने चालतात, कारण 100 ग्रॅम द्राक्षांत प्रथिनं अर्ध्या ग्रॅमच्या आसपास असतात. गॅलॅक्टोसेमियाच्या मुलालाही चालतात. फ्रुक्टोज न पचणाऱ्या मुलाला मात्र तीच द्राक्षं आजारी पाडतात, मनुकाही आणि बेदाणाही.

दुधाचं उलटं. फ्रुक्टोजवाल्या मुलाला साखर न घातलेलं दूध चालतं. गॅलॅक्टोसेमियाच्या बाळाला आईचं दूधसुद्धा बंद करावं लागतं, आणि डॉक्टरांच्या सांगण्याने सोयाबीनचं खास बाळदूध द्यावं लागतं. पीकेयूमध्ये आईचं दूध बंद होत नाही, त्याचं प्रमाण ठरतं, कारण आईच्या दुधात गाई-म्हशीच्या दुधापेक्षा प्रथिनं बरीच कमी असतात.

डाळ-भाकरीचं पुन्हा तिसरंच. गॅलॅक्टोसेमियाचं मूल मोठं झालं की दुधाचे पदार्थ सोडून घरातली भाजी, डाळ, भाकरी खाऊ शकतं. पीकेयू किंवा एमएसयूडीच्या मुलासाठी तीच पोळीभर बाजरी दिवसाचा सगळा हिशोब खाऊन टाकते.

म्हणून शेजारच्या गावात ‘असंच मूल’ आहे आणि त्याला अमुक चालतं, हे ऐकून आपल्या मुलाला देऊ नये. आधी आजाराचं नाव विचारावं. मोबाईलवर फिरणाऱ्या आहाराच्या यादीलाही हाच नियम लावावा.

गडावरचा प्रसाद घ्या. पेढा तिघांनाही नको. खडीसाखर पहिल्या दोघांना चालते, तिसऱ्याला नाही. खोबऱ्याचा तुकडा गॅलॅक्टोसेमियाला चालतो, पीकेयूत मोजून द्यावा लागतो. प्रसाद नाकारता येत नाही असं ज्यांना वाटतं त्यांनी तो कपाळाला लावून घरी आणावा आणि मुलाच्या वाटणीचा दुसऱ्या कोणी खावा.

ताजवा, वाटी आणि वही

सर्वांत किचकट पथ्य प्रथिनांचं. पीकेयू, एमएसयूडी, मिथाइल मॅलोनिक आणि प्रोपिओनिक अॅसिडेमिया, युरिया सायकलचे आजार या सगळ्यांत प्रथिनं मोजावी लागतात. मोजावी लागतात म्हणजे शून्य करायची नसतात. वाढत्या मुलाला प्रथिनं अजिबात मिळाली नाहीत तर शरीर स्वतःचेच स्नायू मोडायला लागतं आणि नको तो पदार्थ आतूनच तयार होतो. कडक उपास घालून मुलाला ‘वाचवणारी’ घरं नकळत त्याला आजारी पाडतात.

तीव्र पीकेयूच्या मुलाला दिवसाला साधारण 200 ते 500 मिलिग्रॅम फिनाइलअॅलनीन सोसतं. एक ग्रॅम प्रथिनात ते सुमारे 50 मिलिग्रॅम असतं, म्हणजे जेवणातून दिवसाला 4 ते 10 ग्रॅम प्रथिनं. आता आपल्या घरातलं धान्य बघा. 100 ग्रॅम बाजरीत प्रथिनं 11 ग्रॅमच्या आसपास, गव्हात 11-12, ज्वारीत 10, नागलीत सुमारे 7, तांदळात 7-8. तूरडाळीत 22, शेंगदाण्यात 25, सोयाबीनमध्ये 40 च्या आसपास. 50 ग्रॅम पिठाची बाजरीची एक भाकरी म्हणजे साडेपाच ग्रॅम. काही मुलांचा दिवस त्या एका भाकरीत संपतो.

मग मूल खातं काय? इथे उपासाचा डबा कामाला येतो, पण डोळे उघडे ठेवून. साबुदाण्यात प्रथिनं नगण्य असतात, 100 ग्रॅमला एक ग्रॅमसुद्धा नाही. शेंगदाण्याचा कूट न घालता केलेली साबुदाण्याची खिचडी, साबुदाण्याची पेज, तुपात परतलेला बटाटा घातलेलं थालीपीठ या मुलांचं पोट भरतं. पण उपासाचं सगळंच हलकं, हा समज इथे फसवतो. भगरीत प्रथिनं तांदळाच्या बरोबरीची असतात, राजगिऱ्यात त्याहून जास्त, आणि कुटाची तर गोष्टच नको. दूध घातलेली साबुदाण्याची खीरही बाद. बटाट्यात 100 ग्रॅमला दीड-दोन ग्रॅम असतात, म्हणजे तोही वहीत लिहायचा. दुधी, काकडी, टोमॅटो, पपई, सफरचंद ही त्यातल्या त्यात सोपी. साखर, गूळ, तेल, तूप यांतून ताकद मिळते आणि प्रथिनांचा भार पडत नाही.

यासाठी स्वयंपाकघरात ग्रॅम दाखवणारा लहान डिजिटल काटा लागतो. सोनाराचा नको, किराण्याचाही नको, पाच किलोपर्यंतचा साधा काटा पुरतो. सुरुवातीचे दोन-तीन महिने रोज मोजलं की घरातल्या ठरावीक वाटीचा अंदाज बसतो. मग ती वाटी बदलायची नाही. पीठ कच्चं मोजलं की शिजलेलं, हे वहीत लिहायचं, कारण शिजलेल्या भातात पाणी असतं आणि हिशोब तिपटीने चुकतो. वही घरातल्या वाचता येणाऱ्या प्रत्येकाला दिसेल अशी टांगावी. ती फक्त आईच्या डोक्यात राहिली तर आई माहेरी गेली किंवा शेतात राबायला गेली की पथ्य मोडतं.

एवढ्याशा प्रथिनांवर मूल वाढणार नाही, म्हणून खास पावडर असते. त्यात नको असलेलं अमिनो आम्ल काढून बाकीची सगळी घातलेली असतात, शिवाय जीवनसत्त्वं आणि क्षार. ही पावडर म्हणजे टॉनिक नव्हे, मुलाचं मुख्य जेवण आहे. तिचा वास उग्र असतो आणि चव कडवट. लहानपणापासून प्यायलेलं मूल ती निमूट पितं, मोठ्या माणसाला एक घोट जात नाही. तिच्या चवीबद्दल मुलासमोर नाक मुरडायचं नाही, एवढी शिस्त पाहुण्यांनीही पाळावी. प्रत्येक आजाराची पावडर वेगळी. एमएसयूडीची पावडर पीकेयूच्या मुलाला दिली तर उपयोग शून्य आणि अपाय नक्की, म्हणून डबा घेताना आजाराचं नाव वाचून घ्यावं.

ग्लायकोजेन साठण्याच्या आजारात वेगळीच कसरत आहे. उपाशी राहिलं की या मुलांची रक्तातली साखर धाडकन उतरते. 1984 पासून त्यावर एक साधा उपाय जगभर वापरला जातो : किराणा दुकानात मिळणारं मक्याचं कॉर्नफ्लोअर, कच्चं, गार पाण्यात कालवून, दर काही तासांनी. शिजवलं किंवा गरम पाण्यात घातलं की त्याचा हळूहळू पचण्याचा गुण जातो. मात्रा वजनावर ठरते आणि तान्ह्या बाळाला ते पचतही नाही, त्यामुळे सुरुवात डॉक्टरांनीच करून द्यायची असते. रात्री दोनला गजर लावून आई किंवा बाप उठतो. वीज गेली, मोबाईल बंद पडला, गजर वाजला नाही, याला दुसरा पर्याय घरात तयार हवा. जुनं चावीचं घड्याळ उत्तम.

आजारपणात आधी काय करायचं

ताप, जुलाब, उलटी. साध्या घरात एक दिवस न जेवल्याने काही बिघडत नाही, ‘लंघन बरं’ म्हणतात. या मुलांत लंघन म्हणजे धोका. खाणं थांबलं की शरीर साठा मोडतं आणि विषारी पदार्थ झपाट्याने वाढतात. अमोनिया वाढला तर काही तासांत मूल बेशुद्ध होऊ शकतं.

म्हणून प्रत्येक घराकडे डॉक्टरांनी लिहून दिलेली आजारपणाची चिठ्ठी हवी. प्रथिनं मोजावी लागणाऱ्या आजारांत त्या चिठ्ठीत साधारण असं असतं : जेवणातली प्रथिनं थोड्या काळापुरती कमी किंवा बंद, ग्लुकोजचं पाणी ठरावीक अंतराने, आणि उलटी थांबत नसेल तर ताबडतोब दवाखाना. प्रथिनं किती तास बंद ठेवायची हेही त्यात असतं. बरं वाटेपर्यंत आठवडाभर बंद, असं करू नये.

वणीहून नाशिक चाळीसेक किलोमीटर. कळवण, सुरगाण्याकडच्या पाड्यांवरून आणखी लांब. त्यामुळे आधी जवळच्या ग्रामीण रुग्णालयात ग्लुकोजचं सलाईन सुरू करून मग पुढे नेणं पुष्कळदा शहाणपणाचं ठरतं. ड्युटीवरच्या डॉक्टरांनी हा आजार कधी पाहिलेला नसेल, आणि तो त्यांचा दोष नाही. म्हणून तज्ज्ञांच्या सहीचं एक पानी पत्र, त्यात आजाराचं नाव, कोणतं सलाईन, काय द्यायचं नाही, कोणाला फोन करायचा, हे प्लास्टिकच्या पाकिटात घालून ठेवावं. एक प्रत घरी, एक आजोळी, एक बापाच्या मोबाईलमध्ये फोटो काढून. गाडी नसेल तर 108 ला फोन करताना ‘लहान मूल, सुस्त पडलंय, साखर कमी होण्याचा आजार आहे’ असं जे असेल ते स्पष्ट सांगावं. उलटी होतेय एवढंच सांगू नये.

फ्रुक्टोजवाल्या मुलाबाबत एक गोष्ट जिवाची आहे. जुलाबात घरी साखर-मीठ-पाणी करायची सवय सगळ्यांना आहे. या मुलाला ती साखरच विष आहे. त्याला पाकिटातलं साधं ओआरएस द्यायचं, कारण त्यात ग्लुकोज असतं, पण रसाच्या चवीचं, साखर घातलेलं तयार पेय नाही. तापाचं गोड सिरपही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. होमिओपॅथीच्या पांढऱ्या गोळ्या बहुधा उसाच्या किंवा दुधाच्या साखरेच्याच असतात, तेव्हा फ्रुक्टोज आणि गॅलॅक्टोसेमिया या दोन्ही घरांनी त्या औषध म्हणून निर्धास्त देऊ नयेत. पीकेयूच्या घराने ‘शुगर फ्री’ लिहिलेल्या वस्तूंवर अॅस्पार्टेम आहे का ते पाहावं, त्यात फिनाइलअॅलनीन असतं.

लसी मात्र चुकवू नयेत. या मुलांना गोवर किंवा न्यूमोनिया परवडत नाही. शंका असेल तर लस देणाऱ्या सिस्टरना आजाराचं नाव सांगून विचारावं.

अंगणवाडी, शाळा आणि पाहुणे

घरात सगळं पाळलं जातं आणि ओट्यावर मोडतं. आदिवासी भागातल्या अंगणवाड्यांत अमृत आहार योजनेतून मुलांना अंडी, केळी मिळतात, शाळेत पोषण आहाराची खिचडी असते. योजना चांगल्याच आहेत. पण पीकेयूच्या मुलाच्या हातात उकडलेलं अंडं पडलं तर त्यातल्या सहा-सात ग्रॅम प्रथिनांनी त्याचा दिवस उलटतो. सेविकाताईंना आणि स्वयंपाकाच्या मावशींना तोंडी सांगून भागत नाही. डॉक्टरांचं पत्र आणि ‘याला फक्त घरचा डबा’ अशी चिठ्ठी हजेरीपटात चिकटवलेली बरी. घरी नेण्याचा शिधा नाकारायची गरज नाही, तो बाकीच्या भावंडांना लागतो.

मूल वजनात कमी भरलं की त्याची कुपोषित म्हणून नोंद होते आणि जादा पौष्टिक आहार सुचवला जातो. तिथेही आधी आजार सांगायचा. दूध पावडर, शेंगदाण्याचा लाडू, सोयाबीनचं पीठ ही कुपोषणातली औषधं प्रथिनांच्या आजारात घातक आहेत.

राहता राहिले पाहुणे. आत्या, मावशी, मामा, सगळ्यांचा जीव असतो. ‘एवढंसं दिल्यानं काय होतंय?’ हे वाक्य प्रत्येक लग्नात, प्रत्येक जागरण-गोंधळात ऐकू येतं. एखाद्या वेळी खरंच लगेच काही दिसत नाही, आणि तिथेच घात होतो. पीकेयूत वाढलेलं फिनाइलअॅलनीन दुखत नाही, ताप आणत नाही. ते फक्त रक्ताच्या तपासणीत दिसतं आणि वर्षांनी मुलाच्या अभ्यासात. नाही म्हणायचं काम सुनेवर टाकू नये. आजीने किंवा आजोबांनी एकदा चारचौघांत सांगितलं की पुढचे प्रश्न आपोआप थांबतात.

तपासणी आणि मदत कुठे

अमेरिका, ब्रिटनसारख्या देशांत प्रत्येक नवजात बाळाच्या टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन हे आजार तपासतात. भारतात देशभर अशी सक्तीची तपासणी नाही. गोव्यात 2008 मध्ये सरकारी पातळीवर ती सुरू झाली होती. आपल्याकडे ती मागून करून घ्यावी लागते, शक्यतो जन्मानंतर 48 ते 72 तासांत. घरात आधी असं मूल झालेलं असेल तर बाळंतपणाच्या आधीच डॉक्टरांशी बोलून ठेवावं, कारण चौथ्या दिवशी बाळंतीण माहेरी गेली की ते राहून जातं. संशय असेल तेव्हा रक्ताच्या थेंबांची टँडम मास ही तपासणी आणि लघवीची जीसीएमएस तपासणी सांगितली जाते. नमुना इथे घेऊन मोठ्या शहरात पाठवता येतो.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं. वाढ किंवा बोलणं मागे असेल तर त्यांना आवर्जून दाखवावं, ते मुलाला जिल्हा पातळीवर पाठवतात.

केंद्राचं दुर्मीळ आजारांचं राष्ट्रीय धोरण 2021 चं आहे. खास आहारावर सांभाळता येणारे पीकेयू, एमएसयूडी, गॅलॅक्टोसेमिया, होमोसिस्टिन्युरिया, काही ऑरगॅनिक अॅसिडेमिया त्याच्या यादीत एका गटात आहेत. या धोरणाखालचं महाराष्ट्रातलं नावाजलेलं उत्कृष्टता केंद्र म्हणजे मुंबईचं केईएम रुग्णालय. केंद्रात नोंदणी झालेल्या पात्र रुग्णाला उपचारासाठी 50 लाख रुपयांपर्यंत मदत मिळू शकते, ही मर्यादा 2022 मध्ये वाढवली गेली. पैसे घरच्यांच्या खात्यात येत नाहीत, ते केंद्रामार्फत उपचारावर खर्च होतात. म्हणून पहिली पायरी नोंदणीची, आणि त्यासाठी पक्क्या निदानाचे कागद लागतात. मूळ कागद कोणालाही देऊन टाकू नयेत.

पावडर परदेशातून मागवावी लागली तर आणखी एक सवलत आहे आणि ती फार थोड्यांना माहीत असते. धोरणाच्या यादीतल्या आजारासाठी स्वतःच्या वापराकरता आणलेल्या औषधावर आणि खास वैद्यकीय आहारावर 1 एप्रिल 2023 पासून मूळ सीमाशुल्क माफ आहे. त्याच वर्षी जुलैत जीएसटी परिषदेने आयातीवरचा जीएसटीही माफ करायचं ठरवलं. त्यासाठी केंद्र किंवा राज्याच्या आरोग्य सेवा संचालकांचं, नाहीतर जिल्हा शल्यचिकित्सकांचं प्रमाणपत्र लागतं. म्हणजे मुंबई-दिल्लीला न जाता नाशिकच्या जिल्हा रुग्णालयात अर्ज करता येतो.

पुढचं बाळ आणि सोयरीक

यातले बहुतेक आजार आई आणि बाप दोघांकडून आलेल्या दोषामुळे होतात. दोघेही स्वतः निरोगी असतात. अशा जोडप्याच्या प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक. ‘एकाला झालं, आता पुढची तीन सुटली’ असं नाही, प्रत्येक वेळी चिठ्ठी नव्याने निघते. सुनेच्या पायगुणाचा किंवा तिने गरोदरपणी काय खाल्लं याचा याच्याशी काही संबंध नाही.

आपल्याकडे कूळ, देवक पाहून भावकीत लग्न टाळतात, पण मामाची मुलगी चालते. जनुकांना देवक कळत नाही. मामाची मुलगी आणि आतेभाऊ यांचे एक आजोबा-आजी सामाईक असतात, त्यामुळे तोच दोष दोघांकडे असण्याची शक्यता बाहेरच्या सोयरिकीपेक्षा बरीच वाढते. ज्या घरात असं मूल आधीच आहे, तिथे त्याच नात्यात पुन्हा सोयरीक जुळवण्याआधी जनुकीय सल्ला घ्यायलाच हवा. मुलातला नेमका जनुकदोष सापडलेला असेल तर पुढच्या गरोदरपणात साधारण 11 ते 13 आठवड्यांत वारेच्या नमुन्यावरून तपासणी करता येते. म्हणून ती जनुक तपासणी पहिल्या मुलाच्या आजारपणातच करून ठेवावी. मूल गेल्यानंतर हा धागा हातातून सुटतो.

पीकेयूची मुलगी मोठी झाली की तिच्या लग्नाआधी एक गोष्ट तिला आणि सासरच्यांना माहीत असायला हवी. गरोदरपणात तिचं फिनाइलअॅलनीन वाढलेलं राहिलं तर पोटातल्या बाळाच्या मेंदूला आणि हृदयाला इजा होते, बाळाला स्वतःला पीकेयू नसला तरी. पथ्य कडक करायचं ते दिवस गेल्यावर नाही, दिवस राहण्याच्या आधीपासून. तेव्हा ‘लग्नाला आली, आता कसलं पथ्य’ म्हणून वही माळ्यावर टाकू नये, ती मुलीसोबत सासरी पाठवावी.